जीवविज्ञान शिक्षण, विज्ञानेतर विद्यार्थ्यांचे

महाविद्यालयात कला, वाणिज्य, विधी, ललित कला, अभिकल्प, अभियांत्रिकी इ. विषयांचे पदवी शिक्षण घेणाऱ्या आणि पुढे जीवविज्ञानाशी व्यवसायाने संबंध न येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या शास्त्राची करून दिलेली प्राथमिक ओळख, असा या शिक्षणाचा अर्थ आहे. भावी वैद्य, कृषितज्ञ किंवा प्राणिवैज्ञानिक यांना पहिल्या वर्षी जे शिकवितात तो पुढील अभ्यासाचा पाया असतो; त्यात काही राहून गेले, तर ते पुढील वर्षी भरून काढता येते. येथे पुढील वर्ष नसते. जे सांगावयाचे ते चाळीस-पन्नास तासांत सांगावयाचे आणि तेवढ्या शिदोरीवर त्या व्यक्तीने लस, प्रतिजैविके, आनुवंशिक रोग, जनुकीय बदल केलेली पिके, नदीचे पाणी यांविषयीचे निर्णय आयुष्यभर घ्यावयाचे, अशी ही रचना आहे. त्यामुळे काय शिकवावे यापेक्षा काय वगळावे हा प्रश्न येथे अधिक बिकट ठरतो.

पश्चिम भारतातील या शिक्षणाचा इतिहास पुणे व त्याच्या परिसरात विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावर सु. २० किमी. अंतरावर असलेले लोणी काळभोर (ता. हवेली) हे गाव त्याचे अलीकडील उदाहरण म्हणून घेता येते. ऊस, कालवा, पेट्रोलियम साठवणीची आगारे आणि लोहमार्ग यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात राजबाग परिसरात एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या व २०१५ च्या अधिनियमानुसार एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ स्थापन झाले. अभिकल्प, चित्रपट, संगीत, अभियांत्रिकी असे विषय शिकणारा, शालान्त परीक्षेनंतर सूक्ष्मदर्शक हाती न घेतलेला मोठा विद्यार्थिवर्ग त्यामुळे येथे एकत्र आला. त्यांच्या वर्गांपासून थोड्याच अंतरावर मुळा-मुठा नदी वाहते. या नदीचा विचार पुढे केला आहे.

प्रारंभ : प्राथमिक जीवविज्ञानाच्या महाविद्यालयीन पाठाला त्याची रूढ घडण टॉमस हेन्री हक्सली (१८२५–९५) या इंग्रज प्राणिवैज्ञानिकांनी दिली. १८७१ मध्ये त्यांनी लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथे शाळाशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला आणि त्या अनुभवावरून एच्. एन्. मार्टिन यांच्या सहकार्याने १८७५ मध्ये प्रात्यक्षिकांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. यीस्ट, अमीबा, नेचा, घेवडा, हायड्रा, झिंगा वर्गातील प्राणी व बेडूक अशा मोजक्या प्रातिनिधिक जीवांचे स्वतःच्या डोळ्यांनी व हातांनी परीक्षण करावयाचे आणि त्यांवरून सर्व सजीवांविषयीचे सामान्य नियम समजून घ्यावयाचे, ही त्यांची पद्धती होय. ती मुळात भावी संशोधकांसाठी नव्हती, तर ज्यांना स्वतः संशोधन करावयाचे नाही अशा शिक्षकांसाठी होती, ही गोष्ट सहसा विसरली जाते. पुस्तकाच्या १८८८ च्या सुधारित आवृत्तीत क्रमही उलटा करण्यात आला व परिचित बेडकापासून आरंभ करून अपरिचित सूक्ष्मजीवांकडे जाण्याचा मार्ग स्वीकारला गेला. भारतात मात्र अमीबापासून वर चढत जाण्याचा क्रमच दीर्घकाळ टिकून राहिला.

मुंबई इलाख्यात जीवविज्ञान आले ते वैद्यक व शेती यांच्या पाठोपाठ. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले; पुण्यात १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल निघाले. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी शाळेचे पुढे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ मध्ये रूपांतर झाले. तिच्या आश्रयाने १८७९ पासून शेतीचे शिक्षण देण्यात येई व १९०७ मध्ये कृषिमहाविद्यालय स्वतंत्र झाले. म्हणजे वनस्पती व प्राणी यांचे ज्ञान ज्याला उपजीविकेसाठी हवे त्यालाच ते द्यावयाचे, असा संकेत प्रथमपासूनच पडला. मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) कला शाखेचा पदवीधर इंग्रजी व अभिजात भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र यांत निष्णात होई. पण आपल्या शरीरातील रक्ताभिसरण त्याने कोठे शिकावे याची तरतूद नव्हती. नव्या विज्ञानशाखेत हक्सलींची पद्धती आली, तीही तिचा मूळ हेतू मागे ठेवून. लखनौचे प्राणिवैज्ञानिक क. ना. बहल यांनी १९२६ पासून भारतीय प्राण्यांवरील प्रबंधमाला प्रसिद्ध करून गांडुळासारख्या येथील जातींचे उत्तम वर्णन उपलब्ध करून दिले, हा मोठाच लाभ झाला. परंतु त्यामुळे नमुना प्राण्यांची पद्धती विशेषज्ञांच्या तयारीशी अधिकच बांधली गेली. बेडकाचे विच्छेदन हे वैद्यकाच्या दारातील पायपुसणे बनले आणि वैद्यकाकडे न जाणाऱ्यांना त्यातून काय मिळाले, हे कोणी विचारले नाही. २०११ व २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिविच्छेदनावर निर्बंध घातले, तेव्हाच्या वादातही या बाजूची चर्चा फारशी झाली नाही.

दुसऱ्या वाटा : विज्ञानेतर शिक्षणात जीवविज्ञानाला प्रथम जागा मिळाली ती स्त्रीशिक्षणात. धोंडो केशव कर्वे यांनी जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून स्फूर्ती घेऊन १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहव्यवस्था व आरोग्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान, ही त्याची वैशिष्ट्ये होती. यामागील ‘स्त्रीचे क्षेत्र घर’ ही कल्पना आज कोणी मान्य करणार नाही. तथापि आहार, संसर्ग, शिशुसंगोपन या विषयांचे शास्त्रीय ज्ञान प्रयोगशाळेत न जाणाऱ्या पदवीधरालाही असावे, हे येथे पुरुषांच्या महाविद्यालयांच्या कितीतरी आधी मान्य झाले. या वाटेचे पुढे गृहविज्ञान या स्वतंत्र शाखेत रूपांतर झाले आणि ती मुलींपुरतीच राहिली. मुलांना आरोग्यशास्त्र शिकविण्याची गरज कोणास भासली नाही.

कर्व्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत चालविलेल्या समाजस्वास्थ्य या मासिकातून प्रजननाची शरीरक्रिया, संततिनियमन व गुप्तरोग यांविषयी सामान्य मराठी वाचकाला जे सांगितले, ते तत्कालीन कोणत्याही महाविद्यालयात सांगणे शक्य नव्हते. त्याबद्दल त्यांना न्यायालयीन खटल्यांना तोंड द्यावे लागले. पुण्यातून १९२८ पासून निघू लागलेल्या सृष्टिज्ञान मासिकाने वनस्पती, प्राणी व निसर्ग यांविषयीचे लेखन मराठीत नियमितपणे दिले. विद्यापीठांनी न केलेले काम नियतकालिकांनी करण्याची ही परंपरा महाराष्ट्रात बरीच जुनी आहे. विद्यापीठात कला शाखेच्या विद्यार्थ्याची गाठ जीवविज्ञानाशी पडे ती आडवाटेने : मानसशास्त्रात तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) प्रकरणातून, भूगोलात वनस्पतींच्या वितरणातून आणि मानवशास्त्रात शारीरिक मोजमापांतून. इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी बर्लिन येथे मानवी कवटीच्या असममितीवर प्रबंध लिहिला होता व पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये समाजशास्त्र व मानवशास्त्र यांचे अध्यापन केले. नातेसंबंध व मानवी शरीर या दोहोंचा विचार एकत्र करणारी त्यांच्यासारखी दृष्टी हे अपवादात्मक उदाहरण होय. तिचा सर्वसाधारण अभ्यासक्रम बनला नाही.

सामान्य शिक्षणाची चळवळ : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः हार्व्हर्ड विद्यापीठाच्या १९४५ च्या अहवालानंतर, प्रत्येक पदवीधराने भाषा-साहित्य, समाजशास्त्रे व निसर्गविज्ञाने या तिन्हींचा काही अभ्यास करावा, हा विचार बळावला. सर्वपल्ली राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) तो भारतासाठी स्वीकारला व सामान्य शिक्षण विनाविलंब सुरू करावे, अशी शिफारस केली. पुढील दशकात अलीगढ व बडोदे या विद्यापीठांत त्यासाठी स्वतंत्र केंद्रे निघाली. कला शाखेच्या विद्यार्थ्यासाठी निसर्गविज्ञानाची खास व्याख्याने, त्यांवरील वाचनपुस्तिका व चर्चा अशी ती योजना होती.

ही चळवळ टिकली नाही. तिची कारणे केवळ शैक्षणिक नाहीत. विद्यापीठात कोणताही विषय जगतो तो त्याचा विभाग, त्याची पदे आणि त्याचा परीक्षेतील वाटा यांच्या आधारे. सामान्य शिक्षणाला यांपैकी काहीच नव्हते. जीवविज्ञानाचा प्राध्यापक या वर्गाकडे वरकड काम म्हणून पाही व आपल्याच पहिल्या वर्षाच्या टिपणांतील अवघड भाग गाळून ती वाचून दाखवी. असा पातळ केलेला पाठ विद्यार्थ्याला विज्ञानाचा भास देतो, विज्ञान देत नाही. अमेरिकेत स्पुटनिकनंतर, १९५८ मध्ये, सुरू झालेल्या जीवविज्ञान अभ्यासक्रम प्रकल्पाने शाळांसाठी तीन वेगवेगळी पाठ्यपुस्तके तयार केली (१९६३). एक रेणवीय, एक कोशिकीय व एक पारिस्थितिकीय (सजीव व त्यांची परिस्थिती यांच्या संबंधांवर आधारित) दृष्टिकोनातून. एकाच शास्त्रात शिरण्याची दारे अनेक असू शकतात व विद्यार्थ्याप्रमाणे दार निवडावे, हा त्यातील खरा धडा होता.

महाराष्ट्रात पुढील बदल शाळेच्या पातळीवर झाला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिली दहा वर्षे विज्ञान व गणित सर्वांना सक्तीचे करावे असे सुचविले आणि १९७५ पासून राज्यात दहावीनंतरच्या कनिष्ठ महाविद्यालयाची रचना अमलात आली. त्याचा एक परिणाम चांगला झाला : प्रत्येक मुलाने कोशिका, श्वसन, आनुवंशिकता हे शब्द निदान एकदा ऐकले. दुसरा परिणाम असा, की दहावीनंतर शाखा फुटताच कला व वाणिज्य यांच्या विद्यार्थ्यांचा विज्ञानाशी संबंध संपला आणि ‘ते शाळेत झाले आहे’ असे म्हणण्यास महाविद्यालयांना सबब मिळाली. पंधराव्या वर्षी प्रजनन व आनुवंशिकता यांविषयी जे शिकविले जाते, आणि ते ज्या घाईने व संकोचाने शिकविले जाते, ते पंचविसाव्या वर्षी कामास येईल अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

पर्यावरण अभ्यासक्रम : महाविद्यालयीन पातळीवर जीवविज्ञान सर्व शाखांना सक्तीचे झाले ते शिक्षणतज्ञांमुळे नव्हे, तर न्यायालयामुळे, आणि स्वतःच्या नावाने नव्हे, तर ‘पर्यावरण’ या नावाने. एम्. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल देऊन चित्रपटगृहांतील पारदर्शिका, आकाशवाणी व दूरदर्शन यांबरोबरच शाळा-महाविद्यालयांतूनही पर्यावरणाचे शिक्षण द्यावे, असा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी शाखांसाठी तयार केलेला अभ्यासक्रम त्यानंतर देशभर लागू झाला. या कामात पुण्याचा वाटा मोठा होता. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या समितीची धुरा व आयोगाच्या पाठ्यपुस्तकाचे लेखन एरच भरुचा यांनी केले. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक व पुण्यातील भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेचे (स्थापना १९९३) संचालक होते.

या अभ्यासक्रमात पन्नास तासिका होत्या. नैसर्गिक साधनसंपत्ती, जैवविविधता व प्रदूषण यांना प्रत्येकी आठ, सामाजिक प्रश्नांना सात, परिसंस्था आणि मानवी लोकसंख्या यांना प्रत्येकी सहा व विषयप्रवेशाला दोन अशी त्यांची वाटणी होती. उरलेल्या पाच तासिका क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे वर्गाबाहेर जाऊन नदी, टेकडी, शेत किंवा प्रदूषित स्थळ पाहण्यासाठी, राखून ठेवल्या होत्या आणि शंभर गुणांपैकी पंचवीस गुण त्या कामाला दिले होते. तासांच्या एक-दशांशाला गुणांचा एक-चतुर्थांश, हे प्रमाण मुद्दाम ठरविलेले दिसते. हक्सलींच्या पद्धतीतील ‘स्वतः पाहणे’ हे तत्त्व शंभरांहून अधिक वर्षांनी या पंचवीस गुणांतून विज्ञानेतर विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

प्रत्यक्षात काय झाले, हे पुणे विद्यापीठाच्या कक्षेत ज्यांनी हा विषय शिकविला त्यांना ठाऊक आहे. बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत तो द्वितीय वर्षाला ठेवण्यात आला. एका वर्गात शंभर-दीडशे विद्यार्थी, शिक्षक पुष्कळदा भूगोलाचा, कधी मराठीचा किंवा वाणिज्याचा, आणि गुण श्रेणीत धरले जात नाहीत अशी विद्यार्थ्यांची समजूत. क्षेत्रकार्याचे ‘प्रकल्पवही’ मध्ये रूपांतर झाले. महाविद्यालयाजवळील छायाप्रतीच्या दुकानांत तयार वह्या मिळू लागल्या आणि त्यांतील एकच नदी, तिच्यातील एकच प्रदूषण, शेकडो हस्ताक्षरांत वर्षानुवर्षे वाहत राहिले. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नव्हता. दीडशे मुलांना घेऊन नदीकाठी जाणे ही वाहनाची, सुरक्षिततेची व वेळापत्रकाची अडचण असते, आणि जो शिक्षक ती सोसतो त्याच्या कामाची नोंद कोठेही होत नाही.

लोणी काळभोर परिसर : या क्षेत्रकार्यातून काय साधता येते, ते पाहण्यास लोणी काळभोरइतके सोयीचे स्थळ पुण्याजवळ क्वचितच असेल. मुळा व मुठा या नद्या पुण्यात संगम पावतात. त्यांचा संयुक्त प्रवाह शहराचे सांडपाणी घेऊन पूर्वेकडे येतो, लोणी काळभोरच्या उत्तरेकडून जातो, थेऊरला वळसा घालतो व पुढे रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळतो. गावाच्या शिवारातून जाणारे मुठा कालव्याचे पाणी उसाला मिळते. गावालगतच्या कवडीपाट येथे नदीवर जुना बंधारा असून हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, धोबी असे अनेक पक्षी उतरतात व चित्रबलाकही दिसतात. पुण्यातील पक्षिनिरीक्षकांचे हे आवडते ठिकाण आहे. पाण्यावर फेस आणि कचरा, आणि त्याच पाण्यात शेकडो पक्षी, हे दृश्य नवख्याला चकित करते.

येथेच पाठाला आरंभ होतो. पाणी घाण असेल, तर पक्षी का येतात, हा प्रश्न वाणिज्याचा विद्यार्थीही विचारतो आणि त्याच्या उत्तरात प्राथमिक जीवविज्ञानाचा बराच भाग येऊन जातो. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्यांवर जीवाणूंची वाढ होते व ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. २५° से. तापमानाच्या स्वच्छ पाण्यात दर लिटरमागे सु. ८ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो. स्नानयोग्य पाण्यात तो निदान ५ मिग्रॅ. असावा आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (जीवाणूंना पाण्यातील घाण कुजविण्यासाठी लागणारा ऑक्सिजन) ३ मिग्रॅ. पेक्षा अधिक नसावी, असा भारतातील मानदंड आहे. ऑक्सिजन कमी झाला, की संवेदनशील मासे व कीटक नाहीसे होतात, आणि त्यांची जागा थोडक्या ऑक्सिजनवर जगू शकणारे जीव घेतात. चिखलात राहणाऱ्या कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या हे त्याचे चांगले उदाहरण. त्यांच्या शरीरात हीमोग्लोबिन असते व त्यामुळेच त्या लाल दिसतात. आपल्या रक्तातील रंजकद्रव्य गटारातील अळीत सापडते, हे कळल्यावर सजीवांच्या एकतेविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. या अळ्या विपुल असतात म्हणून उथळ पाण्यात चालणाऱ्या, लांब पायांच्या शेकाट्याला अन्न मिळते. थापट्याची रुंद चोच पाणी गाळून घेते. चित्रबलाक गढूळ पाण्यात चोच उघडी ठेवून स्पर्शाने मासा पकडतो. चोचींचे हे भेद पाहत असता अनुयोजनाची (परिस्थितीशी जुळणाऱ्या रचनेची) संकल्पना आपोआप पुढे येते. पक्ष्यांची संख्या ही पाण्याच्या शुद्धतेची खूण नव्हे, तर काही विशिष्ट अन्नाच्या विपुलतेची खूण आहे, हा निष्कर्ष विद्यार्थ्याने स्वतः काढला, तर पुराव्यावरून अनुमान कसे करावे याचा एक धडा त्याच्या पदरी पडतो.

जलपर्णी हे दुसरे उदाहरण होय. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांवर झपाट्याने वाढते. झाडे ऑक्सिजन देतात, मग हिरव्यागार पाण्यात मासे का मरतात, असे विद्यार्थी विचारतात. उत्तर असे, की प्रकाशसंश्लेषण (प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याची क्रिया) फक्त प्रकाशातच चालते, श्वसन मात्र रात्रंदिवस. शिवाय तरंगत्या पानांचा ऑक्सिजन हवेत जातो, पाण्यात नाही, आणि त्यांच्या छायेमुळे पाण्यातील शैवलांना प्रकाश मिळत नाही. शाळेपासून पाठ केलेली ‘झाडे ऑक्सिजन देतात’ ही ओळ चुकीची नाही, पण अपुरी आहे, हे नदीकाठी समजते.

या परिसरातील पाठाला विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विषयाचाही उपयोग होतो. विधीच्या विद्यार्थ्याला १९७४ चा जलप्रदूषण अधिनियम व २०१० चा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम येथे पडताळून पाहता येतात. शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून कालव्यात सोडण्याच्या मुंढवा येथील योजनेचा लाभ कोणाला व भार कोणावर, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. अभिकल्पाच्या विद्यार्थ्याला चोच, पीस व पान यांच्या रचनेत आपल्या कामाची सामग्री मिळते. म्हणजे विज्ञानेतर विद्यार्थ्याचे जीवविज्ञान हे विशेषज्ञाच्या जीवविज्ञानाची लहान प्रत नव्हे. त्याचे प्रश्नच निराळे असू शकतात. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. पुण्यात जन्मलेले पारिस्थितिकीतज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवह्यांच्या कामात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सहभागी करून घेण्याचा आग्रह दीर्घकाळ धरला. छायाप्रतीच्या प्रकल्पवहीला यापेक्षा चांगला पर्याय प्रस्तुत लेखकास माहीत नाही.

आशय व परिभाषा : पर्यावरणाच्या नावाने जीवविज्ञान आले, तरी त्याचा एक भाग बाहेरच राहिला. परिसंस्था आली, शरीर आले नाही. जैवविविधता आली, पण ती ज्यामुळे निर्माण झाली तो क्रमविकास (उत्क्रांती) आला नाही. आनुवंशिकतेचाही अभाव राहिला. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता व उत्क्रांती हे प्रकरण आहे. राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र २०२२ च्या फेररचनेत उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. ज्या विद्यार्थ्याने पुढे विज्ञान घेतले नाही, त्याला तो कधीच भेटत नाही. प्रतिजैविकांचा अर्धवट वापर केल्यास प्रतिकारक्षम जीवाणू का वाढतात, किंवा कोविड-१९ च्या साथीत विषाणूचे नवनवे प्रकार का उद्भवले, हे निवडीच्या तत्त्वावाचून समजावून देता येत नाही.

आनुवंशिकतेच्या बाबतीत तर ज्ञानाची उणीव व ज्ञानाचा गैरवापर दोन्ही महाराष्ट्राने पाहिले आहेत. अपत्याचे लिंग पित्याच्या शुक्राणूतील गुणसूत्राने ठरते, ही एका तासिकेत समजणारी गोष्ट आहे. तरीही मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देण्याची रीत अनेक घरांत टिकून राहिली. गर्भलिंगनिदानाचे तंत्र हाती आल्यावर राज्याने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. असे असूनही राज्यातील ६ वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेतील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ इतकी खाली आली. तंत्र वापरणारे अशिक्षित नव्हते. येथे जीवविज्ञानाचा पाठ पुरेसा नाही, हे उघड आहे. परंतु वैद्यक, कायदा, वृत्तपत्र व शासन यांत जाणाऱ्या पदवीधरांपैकी बहुतेकांना हा पाठ प्रौढपणी मिळालाच नव्हता, हेही तितकेच खरे.

मराठीतून शिकविताना परिभाषेची अडचण येते. एकाच वस्तूला शालेय पुस्तकात ‘पेशी’, विश्वकोशात ‘कोशिका’. एके ठिकाणी ‘जनुक’, दुसरीकडे ‘जीन’. ‘उत्क्रांती’ व ‘क्रमविकास’ असे दुहेरी शब्द विद्यार्थ्याला भेटतात. विशेषज्ञाला यातून वाट काढता येते, पण ज्याची या शास्त्राशी ही एकमेव भेट आहे त्याच्या दृष्टीने शब्द हाच विषय होऊन बसतो व परीक्षेत तो व्याख्या पाठ करून मोकळा होतो. शिक्षकाने एकच संज्ञा पकडून ती अखेरपर्यंत वापरावी आणि संज्ञांची एकूण संख्या कमी ठेवावी, एवढा उपाय पुरेसा आहे. शेकाट्या, थापट्या यांसारखी नावे मात्र सढळपणे वापरावीत, कारण ती पाहूनच पडलेली आहेत.

२०२० नंतर : राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० नुसार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना जाहीर केली. तीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरील खुले वैकल्पिक विषय घ्यावेत अशी तरतूद असून पर्यावरण शिक्षणाचे श्रेयांकही कायम आहेत. त्यामुळे इतिहासाच्या विद्यार्थिनीला वनस्पती किंवा मानवी आरोग्य यांवरील पाठ घेण्याची मुभा प्रथमच सर्वत्र मिळाली. सामान्य शिक्षणाच्या चळवळीला जे मिळाले नव्हते ते, म्हणजे श्रेयांक व त्यांबरोबर येणारा शिक्षकांचा कार्यभार, या विषयाला आता मिळाले आहे. हे वैकल्पिक विषय बहुधा विज्ञानाच्या विभागांकडेच सोपविले जातात. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या टिपणांतून कापून काढलेला पाठ पुन्हा अवतरण्याचा धोका आहे, आणि तो टाळावयाचा तर पाठ्यक्रम आखताना दुसऱ्या विद्याशाखेच्या शिक्षकालाही शेजारी बसवावे लागेल.

क्षेत्रकार्याची वेळ हा लहानसा पण व्यावहारिक मुद्दा त्यातच येतो. कवडीपाटावर हिवाळी पक्षी ऑक्टोबरच्या अखेरीपासून येऊ लागतात, व त्याच सुमारास पहिल्या सत्राच्या परीक्षा चालू असतात. पक्ष्यांची संख्या डिसेंबर-जानेवारीत भरते आणि मार्चनंतर ओसरते. लोणी काळभोर परिसरातील विद्यार्थ्यांसाठी हा पाठ दुसऱ्या सत्रात ठेवून पहिली फेरी जानेवारीत व दुसरी, पाणी उतरून जलपर्णी वाढलेली असताना, एप्रिलच्या आरंभी काढली, तर एकाच बंधाऱ्यावरील दोन नोंदींची तुलना विद्यार्थ्यांना स्वतः करता येते.